कागद उघडण्याची पैज

शहापूरजवळच्या सापगावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळत आहोत. त्यांचा धाकटा मुलगा बावीस वर्षांचा, पडघ्याकडच्या एका गोदामात कामाला. महिन्याला पंधरा हजार मिळतात. गेल्या काही महिन्यांत त्याने मोबाईलवरून पैजा लावून अठरा हजार रुपये घालवले. पैज क्रिकेटवर नव्हती आणि पत्त्यांवरही नव्हती. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या गुन्ह्याचे कागद तिथले सरकार अमुक तारखेच्या आत खुले करील की नाही, आणि त्यांत अमक्याचे नाव निघेल की नाही, यावर ती होती. आईने विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "अम्मी, हा जुगार नाही. मी बातम्या वाचतो, अभ्यास करतो, मग पैसे लावतो. आणि यात कुणाचं काय वाईट होतं? कागद उघडावेत असंच तर मी म्हणतोय."

भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हा जुगार आहे की नाही? आणि मुलाच्या शेवटच्या बोलण्यावर आपण काय उत्तर द्यायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर देता येईल. दुसऱ्यासाठी मात्र आपल्याला अमेरिका सोडून १९९८ सालच्या मुंबईत जावे लागेल.

आधी हा प्रकार समजून घेऊ. जेफ्री एपस्टीन हा न्यूयॉर्कचा धनाढ्य माणूस. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप त्याच्यावर होते. खटला उभा राहण्याआधीच, १० ऑगस्ट २०१९ रोजी, तो तुरुंगात मरण पावला. त्याचे बड्या लोकांशी संबंध असल्याने तपासाचे कागद जाहीर करा, अशी मागणी तिथे वर्षानुवर्षे होत राहिली. अखेर १९ नोव्हेंबर २०२५ रोजी तसा कायदा झाला आणि न्याय खात्याला तीस दिवसांची मुदत मिळाली. मुदत संपली त्या दिवशी कागदांचा काही भागच बाहेर आला, त्यातही पुष्कळ मजकूर काळा केलेला. पुढे जानेवारी २०२६ अखेर लाखो पानांची मोठी खेप आली. तेव्हा पीडित स्त्रियांच्या वकिलांनी तक्रार केली, की कित्येक ठिकाणी पीडितांचीच नावे झाकायची राहून गेली आहेत.

हे सगळे चालू असताना दुसरीकडे त्यावर बाजार भरला होता. पॉलिमार्केट आणि काल्शी ही तिकडच्या अशा बाजारांतली दोन मोठी नावे. कागद कधी येणार, कुणाचे नाव येणार, यावर तिथे 'होय' आणि 'नाही'ची खरेदी-विक्री चालते. आपल्याकडेही काही वर्षे अशी ॲप होती. त्यांचा हिशोब साधा असे. 'होय'चा भाव सहा रुपये असेल तर 'नाही'चा चार. दोघांचे मिळून दहा. ज्याचे उत्तर खरे ठरले त्याला दहा रुपये, दुसऱ्याला शून्य, आणि मधल्यामध्ये बाजार चालवणाऱ्याचे कमिशन. म्हणजे एकाच्या खिशात जे येते ते दुसऱ्याच्याच खिशातून गेलेले असते. धान्य पिकले नाही, वस्तू बनली नाही, कुणाचे काम झाले नाही. फक्त पैसा इकडचा तिकडे झाला.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे नवे वाटणार नाही. मटक्याची चिठ्ठी निघू लागण्याच्या आधी मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर आकडा लावत. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६०च्या दशकात मटका सुरू झाला. 'कल्याण'चा आकडा म्हणतात तो आपल्या कल्याण शहराचा नव्हे, कल्याणजी भगत या चालकाच्या नावावरून पडलेला. त्यापायी ठाणे जिल्ह्यातली किती घरे बसली, हे प्रत्येक गावातले वडीलधारे सांगतील. तेव्हा न्यूयॉर्कहून कापसाचा भाव यायचा, आता खटल्याच्या कागदांची तारीख येते.

मुलगा म्हणतो, मी अभ्यास करून पैसे लावतो. मटकेवालाही वहीत जुने आकडे लिहून ठेवायचा आणि त्यालाच अभ्यास म्हणायचा. तरी मुलाचे म्हणणे घटकाभर खरे धरू. तो ज्या बातम्या वाचतो त्या सगळे जग वाचते, त्या भावात आधीच धरलेल्या असतात. खरी तारीख ज्याला ठाऊक असते तो वॉशिंग्टनच्या कचेरीत बसलेला असतो, किंवा त्याचा मित्र असतो. पडघ्याच्या गोदामात पाळी संपवून आसनगावच्या गाडीत बसलेल्या पोराला ती कशी कळणार? शिवाय 'कागद खुले झाले' म्हणजे नेमके काय झाले? एक पान आले तरी चालेल की सगळी पाने हवीत? काळी केलेली ओळ उघडी धरायची की बंद? हे बाजाराच्या नियमावलीत लिहिलेल्या शब्दांवर ठरते. अंदाज बरोबर असूनही पैसे जाऊ शकतात.

कायद्यानेही आता हा वाद मिटवला आहे. ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवायला बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा खेळणाऱ्यासाठी नाही, चालवणाऱ्यासाठी आणि जाहिरात करणाऱ्यासाठी आहे, हे आईने ध्यानात ठेवावे म्हणजे उगाच धास्ती वाटणार नाही. पण आडवाटेने परदेशी बाजारात पैसे टाकले आणि ते अडकले, तर दाद कुठे मागणार? १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम मागायला न्यायालयात जाता येत नाही.

दीनच्या बाजूने तर संशयाला जागाच नाही. सूरह अल-बकरामध्ये दारू आणि मैसिर यांत लोकांना काही फायदा असला तरी त्यांचा गुनाह त्याहून मोठा आहे, असे सांगितले. पुढे सूरह अल-माइदामध्ये दोन्हींपासून दूर राहण्याचा स्पष्ट हुकूम आला, आणि त्याचे कारणही दिले : यातून माणसामाणसांत वैर पडते आणि अल्लाहची याद व नमाज सुटते. पैज कशावर लावली याने फरक पडत नाही. उंट असो, घोडा असो, मटका असो की सरकारी कागद. कष्ट न करता दुसऱ्याच्या हरण्यावर मिळालेला पैसा तो हाच.

आता मुलाचा खरा प्रश्न. यात कुणाचे काय वाईट होते?

१९९८ची मुंबई आठवू. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान होते, २७५ हिंदू होते, बाकीच्या कितीकांची ओळखही पटली नाही. २५ जानेवारी १९९३ रोजी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग नेमला. लोकांनी शपथपत्रे केली. ज्यांची दुकाने जळली, ज्यांची मुले परत आली नाहीत, ते आयोगासमोर उभे राहून बोलले. जानेवारी १९९६ मध्ये नव्या सरकारने आयोगच गुंडाळला. ओरड झाल्यावर मे १९९६ मध्ये तो पुन्हा उभा केला. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी न्यायमूर्तींनी अहवाल सरकारच्या हाती दिला.

आणि मग वाट पाहणे सुरू झाले. चौकशी आयोगाच्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तेवढ्या काळात सरकारने अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली याचे निवेदन सभागृहापुढे ठेवायचे असते. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उन्हाळा गेला. अहवालात काय आहे यावर वर्तमानपत्रांत तर्क चालू होते. अखेर मुदत संपायला दहा दिवस उरले असताना, ६ ऑगस्ट १९९८ रोजी, अहवाल विधिमंडळात मांडला गेला. त्याच्याबरोबरच सरकारने तो पक्षपाती ठरवला आणि त्यातले मुख्य निष्कर्ष नाकारले.

समजा, तेव्हा मोबाईल असता आणि त्यावर बाजार असता. प्रश्न असा आला असता : 'श्रीकृष्ण अहवाल १५ ऑगस्टच्या आत मांडला जाईल का?' हजारोंनी पैसे लावले असते. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी 'होय'वाल्यांच्या खात्यात पैसे जमा झाले असते आणि खेळ संपला असता. बाजाराच्या लेखी त्या दिवशी प्रकरण मिटले.

पण ज्यांनी शपथपत्रे केली होती त्यांच्यासाठी त्या दिवशी प्रकरण सुरू झाले. अहवालात ३१ पोलिसांवर ठपका होता, त्यांच्यावर कारवाई करा म्हणून वर्षे गेली. वडाळ्याच्या हरी मशिदीत १० जानेवारी १९९३ रोजी पोलिसांच्या गोळीने जखमी झालेल्या एका नमाजीवरच दंगलीचा खटला होता. तो निर्दोष सुटायला २००९ साल उजाडले. बेपत्ता झालेल्या १६८ माणसांपैकी १०८ जणांच्या वारसांपर्यंत भरपाई पोहोचलीच नव्हती. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तेव्हा कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य सरकार कमी पडले, म्हणून या वारसांना शोधा आणि दोन लाख रुपये नऊ टक्के व्याजाने द्या. निपचित पडलेल्या ९७ खटल्यांच्या फायलीही पुन्हा काढायला लावल्या. घटनेला तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

वाईट काय होते ते इथे दिसते. पैज लावणाऱ्याला तारखेशी मतलब असतो, कागदात काय लिहिले आहे याच्याशी नसतो. त्याहून वाईट, प्रत्येक 'होय'समोर एक 'नाही' घेणारा बसलेला असतो. त्याचा फायदा कागद दडलेले राहण्यात असतो. १९९८च्या त्या सहा महिन्यांत ज्या बाईचा मुलगा घरी परतला नव्हता, तिच्या शेजारच्याच गल्लीत कुणी मनोमन म्हणत असता, 'या महिन्यात तरी अहवाल येऊ नये,' तर तिला कसे वाटले असते? न्यूयॉर्कच्या त्या स्त्रियांनाही आई आहे, बहीण आहे. आज सापगावच्या मुलाने 'होय' घेतले असेल. पुढच्या आठवड्यात भाव बघून तो 'नाही' घेईल. बाजार त्याला हेच शिकवतो.

कागद उघडावेत असे खरोखर वाटणाऱ्या माणसाने काय करायचे, याचेही उदाहरण आपल्याजवळच आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. तेरा जणांवर खटला चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने अब्दुल वाहिद शेख या शिक्षकाला निर्दोष सोडले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले आहे, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जावे लागलेले नाही. या खटल्यातल्या आरोपींनी तुरुंगाच्या कोठडीतून माहितीच्या अधिकाराचे अर्ज केले. नकार आला की अपील केले. एकेक नोंद, एकेक पान करून कागद जमवले. त्यांनी कागद उघडतील का यावर पैसे लावले नाहीत. अर्जावर दहा रुपयांचा स्टँप लावला.

तोच स्टँप सापगावच्या मुलालाही मिळतो. माहितीचा अधिकार कायदा २००५चा आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही माफ. उत्तराची मुदत तीस दिवस. जिवाचा किंवा सुटकेचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, आणि तिथेही काही झाले नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. तपासाला अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते, पण नुसते 'तपास चालू आहे' एवढे म्हणून भागत नाही, अडथळा कसा येईल ते सांगावे लागते. वीस वर्षे उलटलेल्या घटनेच्या बाबतीत तर देशाच्या सुरक्षेसारखी मोजकी कारणे सोडता नकाराच्या बहुतेक सबबी गळून पडतात.

काही कागदांसाठी अर्जही लागत नाही. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळालीच पाहिजे. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे. आरोपपत्र मात्र कुणालाही मागता येत नाही. ते आरोपीला मिळते, आणि नव्या फौजदारी संहितेप्रमाणे वकील दिलेल्या पीडितालाही. तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. आपल्या गावातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

लांब कशाला जायचे. शहापूर तालुक्यातच, सरळांबे इथे, १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर आणि क्रेन कोसळून वीस कामगार मेले. बहुतेक परराज्यातले, पोटासाठी आलेले. शहापूर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्यांच्या खटल्याचे कागद कधी उघडतील यावर जगातल्या कुठल्या बाजारात भाव लागेल? मेलेली माणसे गरीब होती. पण त्यांच्या घरच्यांना हे सगळे हक्क आहेत, आणि ते दूर बिहार-उत्तर प्रदेशात बसून कसे बजावायचे हे त्यांना कुणी सांगायला हवे. सापगावचा मुलगा मोबाईल चालवतो, बातम्या समजून वाचतो, अमेरिकेचा कायदा कलमासकट सांगतो. हे त्याच्याकडचे भांडवल आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे गरिबाला मोफत वकील मिळतो. अशा पोराने एका कुटुंबाचा एक अर्ज लिहून दिला तर त्याचा अभ्यास कामी आला म्हणायचा.

आता आईसाठी दोन शब्द. मुलाला चारचौघांत बोलू नका. त्याने तुमच्याशी खोटे न बोलता सगळे सांगितले, ही जमेची बाजू आहे. अठरा हजार गेले, ते परत मिळवण्यासाठी 'शेवटची एक पैज' ही वाट पहिल्यांदा बंद करा. जुगाराने बुडालेली बहुतेक माणसे पहिल्या पैजेने बुडालेली नसतात, गेलेले भरून काढताना बुडतात. त्याने मित्रांकडून किंवा कर्ज देणाऱ्या ॲपवरून काही उचलले आहे का, ते शांतपणे विचारा आणि कागदावर लिहून काढा. शक्य असेल तर काही महिने पगार तुमच्या खात्यात येऊ द्या, आणि त्यातून त्याचा खर्च ठरवून द्या. रात्री मोबाईल हातात घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, चिडचिड होत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. मनाच्या आजाराबद्दल तिथे मोफत बोलता येते. त्यात लाज नाही.

आणि त्याने पुन्हा विचारले, 'कागद उघडावेत असं वाटणं चूक आहे का?' तर सांगा, बिलकुल नाही. साक्ष लपवू नये, आणि न्यायाची बाजू आपल्या स्वतःच्या किंवा आईबापाच्या विरुद्ध गेली तरी सोडू नये, ही तर आपल्याला मिळालेली शिकवण आहे. कागद मागायचे असतील तर आपल्या नावाने, आपल्या सहीने मागावेत.

माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा आणि पहिल्या अपिलाचा नमुना आम्ही पुढच्या अंकात देत आहोत. वाचकांपैकी कुणी असा अर्ज केला असेल, उत्तर आले असेल किंवा आले नसेल, तर आम्हाला जरूर कळवावे.